हास्केलमधल्या पिग्मी हिशोबासाठी टेस्टिंगची कोणती साधनं घ्यावीत?

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण नीट सांगितल्याशिवाय नीट सल्ला तरी कसा मिळणार.

बेळगावात टिळकवाडीला आमचं चार जणांचं ऑफिस आहे. पतसंस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. पिग्मीच्या, म्हणजे एजंट रोज दारात येऊन गोळा करतो त्या बचतीच्या, व्याजाचा आणि पावत्यांचा भाग गेल्या वर्षापासून हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहायला घेतलाय. हास्केल का, असं घरचेसुद्धा विचारतात. रुपये, पैसे, दिवस, टक्के असे सगळे वेगवेगळे टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, केले की कुणी घाईत दिवसांच्या जागी रुपये घातले तर कंपायलर तिथेच अडवतो. पैशाच्या कामात मला हे फार मोलाचं वाटतं.

पण गेल्या महिन्यात एका संस्थेत मुदत संपलेल्या काही खात्यांवर एकेक रुपया कमी निघाला. सगळ्यांवर नाही, काहींवरच. पिग्मी गोळा करणाऱ्या बाईंना भाजीवाल्या मावशींनी भर बाजारात थांबवलं आणि विचारलं, "माझा रुपया कुठं गेला?" त्या बाई वीस वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरतात, त्यांच्या शब्दावर लोक रोजची रक्कम हातात ठेवतात. चूक आमच्या प्रोग्रामची होती आणि मान त्यांना खाली घालावी लागली. हे मला फार लागलंय.

टेस्ट नव्हत्या असं नाही. हाताने लिहिलेल्या चाळीसेक होत्या, सगळ्या पास. आता पुन्हा मुळापासून बसवायचं ठरवलंय. शोधायला गेलो तर एचयुनिट, एचस्पेक, टेस्टी, क्विकचेक, हेजहॉग, स्मॉलचेक, डॉकटेस्ट अशी रांगच लागली. यातलं काय घ्यायचं? ऑफिसातले लॅपटॉप ८ जीबीचे आहेत. दोन पोरं कॉलेजमधून नुकती आलीत, त्यांना झेपेल असं हवं. आणि पावतीवर नावं मराठीत आणि कन्नडमध्ये छापावी लागतात, तेही तपासलं जायला हवं.

निपाणीकर

तो रुपया आधी शोधू या, साधनं पळून जात नाहीत. रुपयात उतरवताना 'राउंड' वापरलंय का?

तिसरं_गेट

होय. हास्केलचं साधं राउंड.

निपाणीकर

मग सापडला. हास्केलचं राउंड बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं. १३.५० चे १४ होतात, पण १२.५० चे १२ च राहतात. भाषेच्या व्याख्येतच तसं आहे, ही काही चूक नव्हे. संस्थेच्या खतावणीत पन्नास पैसे आले की वरचा रुपया, सरळ. म्हणून तुमचा फरक काही खात्यांवरच आला: पैसे नेमके पन्नास आणि रुपये सम, अशाच खात्यांवर.

तिसरं_गेट

आत्ता टेस्टची फाइल उघडून बघितली. राउंडिंगची एकच टेस्ट आहे आणि तिच्यात रक्कम घातलीय १३.५०. साडेबारा घातले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

रानवाट_खानापूर

अण्णा, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उदाहरण आपण निवडतो आणि चूक आपण न निवडलेल्या ठिकाणी राहते.

आधी नावांचा गुंता सोडवते. तुम्ही सात साधनं एका रांगेत लिहिलीत, पण ती एका रांगेतली नाहीत. टेस्टी आणि एचस्पेक या चौकटी आहेत. टेस्ट गोळा करायच्या, चालवायच्या, निकाल दाखवायचा, एवढं त्यांचं काम. एचयुनिट म्हणजे 'हे दिलं की हे यायला हवं' अशी एकेक उदाहरणं. क्विकचेक, हेजहॉग, स्मॉलचेक यांत उदाहरण तुम्ही देत नाही. नियम तुम्ही सांगता आणि उदाहरणं ते काढतात. स्मॉलचेक लहान आकारापासून सगळीच्या सगळी उदाहरणं घेतं, बाकीचे दोघे यादृच्छिक घेतात. डॉकटेस्ट कॉमेंटमध्ये लिहिलेली उदाहरणं चालवून बघतं. तेव्हा खरे प्रश्न दोनच: चौकट कोणती आणि नियम तपासायला कोण. बाकीचं त्यात येऊन बसतं.

चिकोडी_एलिक्सिर

माझं मत वेगळं आहे, रागवू नका. चार जणांच्या ऑफिसाने हास्केल घ्यावंच का? एलिक्सिर भाषेत एक्सयुनिट हे टेस्टचं साधन भाषेबरोबरच येतं, निवडायचा प्रश्नच नाही. नियम तपासायला स्ट्रीमडेटा आहे. खाली अर्लांग भाषा असल्याने तिचं प्रॉपर हे साधनसुद्धा वापरता येतं. नवीन पोरगं दोन आठवड्यांत टेस्ट लिहायला लागतं, हे मी आमच्याकडे बघितलंय.

निपाणीकर

एलिक्सिर चांगलंच आहे, पण यांचं वर्षभराचं काम झालंय. घर बांधून झाल्यावर प्लॉट बदल म्हणून कसं सांगायचं?

चिकोडी_एलिक्सिर

मान्य. माझं म्हणणं एवढंच की साधन भाषेबरोबर आलं की पोरं ते वापरतात. वेगळं बसवावं लागलं की टाळतात. हास्केल ठेवा, पण पहिल्याच दिवशी सगळं बसवून द्या, 'नंतर बघू' नको.

उद्यमबाग_गेज

मी प्रोग्रामर नाही. मुलगा या क्षेत्रात आहे म्हणून हे पान वाचतो. पण तुमचं बोलणं मला आमच्या शॉपमधलं वाटलं.

आमच्याकडे कास्टिंगला भोक पाडून झालं की दोन तऱ्हेने तपासतात. एक म्हणजे व्हर्नियर लावून माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. दुसरं, गो-नो गो गेज. त्याचं एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. किती मिलिमीटर ते गेज सांगत नाही, पण हजार नग त्यातून झटझट जातात. मला तुमचा नियम म्हणजे गेज वाटतो आणि उदाहरण म्हणजे व्हर्नियरचं माप. आम्ही दोन्ही ठेवतो. आणि गेज झिजलं तर सगळे चुकीचे नगही पास होतात, म्हणून गेजसुद्धा ठरावीक काळाने तपासून आणावं लागतं. तुमच्याकडे गेज कोण तपासतं?

रानवाट_खानापूर

काका, शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. नियम लिहिताना माणूस कोडमधलंच सूत्र पुन्हा लिहितो, मग दोन्हीकडे एकच चूक आणि टेस्ट पास. नियम कोडकडे न बघता कामाच्या बाजूने यायला हवा. तो हिशोब करणाऱ्या माणसाकडून घ्यावा.

खतावणी_आत्या

मी एका पतसंस्थेत एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. भाच्याने हा धागा दाखवला म्हणून लिहिते.

आमच्याकडे नवीन क्लार्क आला की त्याला राउंडिंग शिकवायची माझी एक पद्धत होती. म्हणायचे, गिऱ्हाइकाची रक्कम बरोबर एक रुपयाने वाढली तर त्याच्या हातात बरोबर एक रुपयाच जास्त पडला पाहिजे. दोन नाही, शून्य नाही. साडेबाराचे बारा आणि साडेतेराचे चौदा दिलेस तर एका रुपयाने वाढलेल्या रकमेवर दोन रुपये वाढले. गिऱ्हाइक विचारणारच.

पिग्मी म्हणजे कमी पैशांची गोष्ट असं समजू नका. ही पद्धत आपल्याच राज्यातली. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, ती सुरू केली. रोज दोन आणे इतक्या कमी रकमेपासून दारात जाऊन गोळा करत. ज्याच्याकडे महिन्याचे म्हणून पैसे नसतात, त्याच्यासाठी ती काढली होती. त्या माणसाला रुपया म्हणजे रुपयाच.

तिसरं_गेट

आत्या, तुमचं वाक्य जसंच्या तसं नियम म्हणून लिहिलं. क्विकचेकमध्ये चार ओळी झाल्या. चालवलं, शंभर उदाहरणं, पास. परत चालवलं, परत पास. मग म्हटलं हेही तसंच की काय?

रानवाट_खानापूर

थांबा, टाकून देऊ नका. इथे नवशिक्यांचा पाय घसरतो आणि माझाही घसरला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. क्विकचेक काही न सांगता पूर्णांक काढतं तेव्हा लहानापासून सुरू करतं आणि शंभर टेस्टमध्ये साधारण शंभराच्या आतच फिरतं. तुमची रक्कम पैशांत असेल तर ते एका रुपयाच्या पलीकडे गेलंच नाही. रक्कम कुठपर्यंत जाते ते स्वतः सांगायला हवं.

दुसरी गोष्ट. समजा लाखापर्यंत सांगितली. तरी पैसे नेमके पन्नास असण्याची शक्यता शंभरात एक. शंभर उदाहरणांत ते एकदा तरी येण्याची शक्यता त्रेसष्ट टक्के. म्हणजे तीनात एकदा टेस्ट पास होऊन तुम्ही निर्धास्त घरी जाणार. हजार उदाहरणं घेतलीत तर सुटणं जवळजवळ अशक्य. त्याहून बरं म्हणजे जनरेटरलाच, म्हणजे उदाहरणं काढणाऱ्या भागालाच, सांगायचं की ०, ४९, ५०, ५१, ९९ हे पैसे मुद्दाम जास्त वेळा काढ. आत्यांना विचारा, त्या हेच पाच आकडे सांगतील.

तिसरी गोष्ट, आणि इथे क्विकचेक आणि हेजहॉग यांच्यात फरक पडतो. चूक सापडली की ही साधनं ती लहान करत नेतात, तिला श्रिंक म्हणतात. क्विकचेकमध्ये श्रिंक वेगळं लिहायचं असतं. स्वतःचा जनरेटर साध्या फॉरऑलने दिलात तर श्रिंक होतच नाही, मिळेल तो आकडा समोर येतो. हेजहॉगमध्ये जनरेटरबरोबरच श्रिंक येतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. नवीन पोरांच्या हातात द्यायचं तर मी हेजहॉग देईन.

पण हेजहॉग घेतलं म्हणून डोकं बाजूला ठेवायचं नाही. रक्कम एकाच आकड्यात, पैशांत काढलीत आणि १२,४५० वर चूक सापडली तर तो आकडा तिथेच अडकून बसतो. श्रिंक अर्धा, पाऊण असं करत ६,२२५, ९,३३८ असे आकडे बघत जातं, आणि त्यातला एकही नेमका पन्नासवर संपत नाही. रुपये आणि पैसे वेगळे काढा. मग रुपये शून्यापर्यंत खाली येतात, पैसे पन्नासवर थांबतात आणि उत्तर समोर येतं: शून्य रुपये, पन्नास पैसे. बघितल्याबरोबर कळतं.

तिसरं_गेट

केलं. रुपये-पैसे वेगळे, हेजहॉग, हजार उदाहरणं. पहिल्याच फेरीत लाल, म्हणजे टेस्ट नापास. खाली ० आणि ५०, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. आणि ते नुसता निकाल देत नाही, आपलाच कोड छापून प्रत्येक ओळीखाली कुठली किंमत आली तेही दाखवतं. शेजारच्या पोराने बघितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सर, पन्नास पैशांचं चुकतंय."

सदाशिवनगर_०७

मला एक समजत नाही. एवढा टाइपांवर भर आहे तर टेस्ट कशाला? टाइप नीट केले की काम झालं.

निपाणीकर

राउंडचा टाइप बरोबरच होता की. अपूर्णांक दिला, पूर्णांक आला. टाइप सांगतो की रुपयेच मिळतील. किती मिळतील ते नाही सांगत.

सदाशिवनगर_०७

बरोबर आहे. पण टाइपमुळे लिहाव्या लागणाऱ्या टेस्ट कमी होतात, हे तरी माना.

निपाणीकर

मानतो, पूर्ण मानतो. रुपये आणि दिवस मिसळले तर काय, अशी टेस्ट आम्हाला कधी लिहावी लागली नाही. आणि एक सांगून ठेवतो, मुदतीआधी खातं मोडलं की वजाबाकी येते, तिथे भागाकार तपासा. उणे सातला दोनाने भागलं तर हास्केलचं 'डिव्ह' उणे चार देतं आणि 'क्वॉट' उणे तीन. दोन्हींचा टाइप एकच.

शहापूर_हातमाग

नावांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून मी लिहितो. पावतीचं कामच मी दोन वर्षं केलंय.

हातातल्या मशीनची पावती ५८ मिलिमीटरची. एका ओळीत साधारण ३२ अक्षरं बसतात, त्यात नावाला अर्धी जागा. नाव लांब असलं की कापावं लागतं. हास्केलच्या टेक्स्टमधलं 'टेक' युनिकोडचे सुटे घटक मोजून कापतं, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नाही. लक्ष्मीबाई हे नाव आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण त्यात घटक दहा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. पाचवर कापलं की उरतं 'लक्ष्', पाय मोडलेलं. पावती हातात घेऊन बाई विचारते, हे कुणाचं नाव?

मी नियम लिहिला: कापलेलं नाव हलन्तावर संपता कामा नये. चालवला, पास. खूश झालो. मग खऱ्या कन्नड नावांची यादी घातली आणि सगळं लाल. कारण कन्नड लिपीत रमेश्, मंजुनाथ्, बसवराज् ही नावं शेवटी हलन्त देऊनच लिहितात. नाव पूर्ण होतं, कुठे कापलेलंच नव्हतं, तरी माझा नियम त्याला चूक म्हणत होता. चूक नियमाची होती. मराठी माणसाने मराठी नावं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नियम होता तो.

उद्यमबागच्या काकांनी वर विचारलंय की गेज कोण तपासतं. माझं गेज त्या कन्नड यादीने तपासलं.

उद्यमबाग_गेज

वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे याला मास्टर पीस म्हणतात. नग बरोबर आहे हे आधीच माहीत असतं, त्यावर गेज लावून बघायचं.

रानवाट_खानापूर

हातमाग दादा, मग शेवटी नियम काय केलात?

शहापूर_हातमाग

नाव जिथे कापलं ती जागा अक्षराच्या सीमेवरच असली पाहिजे, एवढाच. सीमा ठरवायला टेक्स्ट-आयसीयू घेतलं, त्यात अक्षरांचे तुकडे करणारी सोय आहे. पण आवृत्ती नक्की बघा. जुन्या युनिकोडच्या नियमांत 'क्ष' सारखं जोडाक्षर मधूनच तुटतं. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायला लागले. मशीनवर जुनी लायब्ररी असेल तर जोडाक्षराचा नियम आपणच वर घालावा लागतो.

आणि 'ऱ' विसरू नका. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर ही आडनावं आपल्याकडे आहेत. 'ऱ' एका घटकात लिहिता येतो, ०९३१. कुणी 'र' आणि खाली नुक्ता असे दोन घटक टाइप करतं. कुणी 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक असं करतं. कागदावर तिन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात. पहिली दोन नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करण्याने, एक होतात. तिसरं होत नाही, ते स्वतः बदलून घ्यावं लागतं. एकाच माणसाची दोन खाती उघडलेली मी स्वतः बघितलीत.

आता साधनांच्या निवडीत हे का सांगतोय? कारण क्विकचेकला 'कुठलंही अक्षर काढ' म्हटलं तर बहुतेक वेळा इंग्रजी कीबोर्डवरची चिन्हंच येतात आणि उरलेल्या वेळी अख्ख्या युनिकोडमधलं काहीही. आपल्या लिप्या त्यात चुकून येतात. एक लाख टेस्ट चालवल्या तरी 'कुऱ्हाडे' येणार नाही. नावांचा जनरेटर आपला आपणच लिहायचा: खरी नावं, खरी आडनावं, आणि मध्ये मुद्दाम घातलेली जोडाक्षरं. हेजहॉग घ्या की क्विकचेक घ्या, हे काम तुमच्यासाठी कुणी करून ठेवलेलं नाही.

चिकोडी_एलिक्सिर

सुंदर प्रतिसाद. एलिक्सिरमध्ये अक्षराची लांबी मोजणारं फंक्शन ग्राफीमवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरावर, चालतं, तिथे हा त्रास थोडा कमी. पण 'ऱ' चा त्रास तिथेही तसाच. आमच्याकडेही तपासतो उद्या.

जांबोटी_रेंज

पिग्मीचं काम आहे तर एक विचारतो. आमच्या भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, रेंज येते-जाते. एजंट दिवसभर मशीनवर पावत्या फाडतो आणि खानापुरात आल्यावर सगळं एकदम चढवतो. मध्येच लाइन गेली की परत चढवतो. एकदा माझ्या खात्यावर एकाच दिवसाचे दोनदा जमा झाले होते. नंतर उलट नोंद करून काढले, पण पासबुकावर दोन्ही ओळी राहिल्याच. हे तुमच्या टेस्टमध्ये येतं का?

रानवाट_खानापूर

येतं, आणि तेच माझ्या मते सगळ्यात आवडीचं काम आहे. एका पावतीची टेस्ट करून हे सापडत नाही. 'पावती फाड, चढव, लाइन गेली, परत चढव, दुसरी फाड, चढव' अशी कामांची माळ लागते. साधन यादृच्छिक माळा ओवतं, प्रत्येक पायरीला एक साधा कागदी हिशोब शेजारी ठेवतं आणि दोन्ही जुळतात का बघतं. मग चूक सापडली की माळेतले मणी एकेक काढत सगळ्यात आखूड माळ समोर ठेवतं. हेजहॉगमध्ये हे आतच आहे, क्विकचेकला वेगळी पॅकेजेस जोडावी लागतात.

क्विकचेक लिहिणारे कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज, दोघेही स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातले. त्यांचा शोधनिबंध २००० सालचा. पुढे ह्यूज यांनी अर्लांगसाठीच्या क्विकचेकची कंपनी काढली आणि अशाच माळा लावून डेट्स नावाच्या अर्लांगच्या साठवणीतली चूक पाच-सहा कॉलमध्ये आणून दाखवली. प्रत्यक्ष वापरात ती कधीतरीच डोकं वर काढायची, म्हणून कुणालाच पकडता येत नव्हती. चिकोडीकरांच्या अर्लांगचा मान इथे राखायलाच हवा.

तुमच्या खात्याचा नियम एका ओळीचा आहे: तोच गठ्ठा दोनदा चढवला तरी शिल्लक एकदा चढवल्याइतकीच राहिली पाहिजे.

कॅम्प_नवखा

मी शेवटच्या वर्षाला आहे. एचस्पेक शिकलोय, तो वाचायला सोपा वाटतो. तिसरं_गेट सर, तो नको का?

निपाणीकर

एचस्पेक अजिबात वाईट नाही. टेस्टची वाक्यं वाचता येतात आणि डिस्कव्हर लावलं की नवीन फाइल आपोआप सापडते. हेजहॉग त्यालाही जोडता येतं. टेस्टीची बाजू अशी की उदाहरणं, नियम, गोल्डन फाइल सगळं एका झाडाखाली येतं आणि समांतर चालवायची सोय आत आहे. माझा अनुभव असा की चौकट नंतर बदलता येते, एका दिवसाचं काम. जनरेटर आणि नियम लिहायला महिने जातात. चौकटीवर भांडण्यात वेळ घालवू नका.

गोल्डन फाइलचं मात्र जरूर करा. पूर्ण छापलेली पावती एकदा डोळ्यांनी तपासायची, फाइलमध्ये ठेवायची, पुढे प्रत्येक वेळी नवीन पावती तिच्याशी जुळते का बघायचं. एक धोका: फरक आला की 'स्वीकारा' म्हणून एका फटक्यात नवीन फाइल बसवता येते. पोरं कंटाळून तेच करतात. आमच्याकडे नियम आहे, गोल्डन फाइल बदलली तर दुसऱ्या माणसाने पावती छापून हातात घेऊन बघायची, मगच पुढे.

८ जीबीबद्दल: टेस्ट चालवताना ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, कंपाइलचा वेळ बराच उतरतो. लिहिता लिहिता चुका दाखवायला जीएचसीआयडी चालू ठेवा.

खतावणी_आत्या

एक राहिलं. तारखांचं काय? मी नोकरीत होते तेव्हा दर लीप वर्षी २९ फेब्रुवारीला उघडलेल्या खात्यांची मुदत कधी संपते यावर वाद व्हायचा. आणि ३१ मार्चच्या व्याजाचा.

रानवाट_खानापूर

आत्या, तारखांचा जनरेटरही तसाच करायचा. दहा वर्षांतली कुठलीही तारीख काढ म्हटलं तर २९ फेब्रुवारी साडेतीन हजारांत दोन-तीनदाच येते. म्हणून २८-२९ फेब्रुवारी, ३१ मार्च, १ एप्रिल यांचं वजन वाढवायचं. हेजहॉगमध्ये 'कव्हर' म्हणून सोय आहे, ती क्विकचेकमध्येही आहे. किमान पाच टक्के उदाहरणं वर्षअखेरीची असलीच पाहिजेत असं लिहिलं आणि तेवढी आली नाहीत, तर टेस्ट तसं सांगते. नुसत्या हिरव्या रंगावर विसंबायचं नाही, कशावर हिरवी झाली ते बघायचं.

तिसरं_गेट

तीन आठवड्यांनी परत येतोय. काय केलं ते सांगायला हवं.

चौकट टेस्टी घेतली. नियमांसाठी हेजहॉग, संस्थेने लेखी दिलेल्या ठरावीक उदाहरणांसाठी एचयुनिट, पावतीसाठी टेस्टी-गोल्डन. डॉकटेस्ट फक्त दोन फाइलींत ठेवलंय, पोरांना वाचायला सोपं जातं म्हणून. फाइल सेव्ह केली की शंभर उदाहरणं, रात्री प्रत्येक नियमाची दहा हजार. लाल झालं की त्याचा सीड (तीच उदाहरणं पुन्हा काढून देणारा आकडा) आणि सापडलेलं उदाहरण दोन्ही जपून ठेवतो, आणि ते उदाहरण कायमची टेस्ट म्हणून लिहितो.

आत्यांच्या घरी दोन संध्याकाळी जाऊन बसलो. अकरा नियम लिहून आणले. त्यातले नऊ पहिल्या दिवशी पास. एक नापास झाला तो मुदतीआधी मोडलेल्या खात्याचा, निपाणीकरांनी म्हटलेला 'डिव्ह' तिथेच होता. दुसरा नापास झाला तो जांबोटीचा. हेजहॉगने माळ आखडत चार मण्यांवर आणली: पावती, चढवणं, पोच हरवली, परत चढवणं. आमच्या मशीनला पावतीचा क्रमांक होता, पण चढवताना तो नव्याने दिला जायचा. आता पावती फाडतानाच क्रमांक पडतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो.

काकांच्या सांगण्यावरून गेजही तपासतो. दर शुक्रवारी एक पोरगं कोडमध्ये मुद्दाम एक चूक करतं, बेरजेच्या जागी वजाबाकी असं काही, आणि टेस्ट पकडतात का ते बघतो. पहिल्या शुक्रवारी तीन चुकांपैकी एक सुटली. तिच्यासाठी नवा नियम लिहिला.

ज्या खात्यांवर रुपया कमी गेला होता त्या सगळ्यांना संस्थेने तो जमा करून दिला. त्या बाईंबरोबर मी स्वतः बाजारात गेलो आणि भाजीवाल्या मावशींना पासबुकातली ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि त्या दिवसाचे पन्नास रुपये बाईंच्या हातात ठेवले.

आता एक मागणं. नावांचा जनरेटर भरायचाय. ज्याचं नाव किंवा आडनाव पावतीवर, रेशनकार्डावर, कुठेही तुटलेलं, चुकलेलं छापून आलंय असं नाव इथे लिहा. मराठी, कन्नड, कोकणी, काहीही चालेल. फक्त नाव, बाकी कुठली माहिती नको.

जांबोटी_रेंज

क्षीरसागर. आमच्या शेजाऱ्यांचं बिल 'क्' वर संपतं.

कॅम्प_नवखा

ज्ञानेश्वर. आणि श्रीकृष्ण, त्यात ऋकार आणि 'ष्ण' एकत्र आहेत.

शहापूर_हातमाग

कन्नडमधली साठ नावं आज रात्री टाइप करून पाठवतो. त्यात 'ओ'ची मात्रा असलेली वेगळी काढतो, ती एका घटकातही लिहितात आणि दोन घटकांतही.

खतावणी_आत्या

कुऱ्हाडे. तिन्ही तऱ्हांनी टाइप करून घाला बरं का.